वाचकांचे प्रश्न : स्की प्रशिक्षक व्हायचे, तर सुरुवात कुठून?

गुलमर्ग किंवा औलीहून परतलेल्या वाचकांची पत्रे दरवर्षी हिवाळा सरता सरता येतात आणि त्यांत बहुधा राहण्या-खाण्याचे प्रश्न असतात. यंदा ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या काही पत्रांचा सूर वेगळा आहे. स्कीइंग शिकवणे हाच व्यवसाय करता येईल का, असे त्यांत विचारले आहे. त्यांतील चार पत्रे निवडली आहेत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा आधार तेथेच आहे.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांची असून ऐरोलीतील एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत काम करते. गुलमर्गला स्कीइंगचे प्राथमिक आणि मध्यम असे दोन अभ्यासक्रम पूर्ण केले आहेत. आल्प्समधील एखाद्या रिसॉर्टमध्ये प्रशिक्षक म्हणून काम करावे, असे मनापासून वाटते. दहा-बारा आठवड्यांत प्रशिक्षक घडवण्याचे आश्वासन देणाऱ्या परदेशी अभ्यासक्रमांच्या जाहिराती दिसतात, पण त्यांचे शुल्क माझ्या वर्षभराच्या बचतीपेक्षा अधिक आहे. ते भरावे का? आई विचारते, ‘नोकरी सोडून बर्फात घसरायला जाणार, म्हणजे नक्की काय करणार?’
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : इतके मोठे शुल्क इतक्यात भरू नका. ते कधीच भरू नये असे मी म्हणणार नाही, परंतु त्याआधी दोन गोष्टींचा निकाल लागला पाहिजे. पहिली म्हणजे तुम्हाला स्कीइंग आवडते की स्कीइंग शिकवणे आवडते; आणि दुसरी म्हणजे प्रमाणपत्र हाती आल्यावर ज्या देशात काम करायचे, तो देश भारतीय पासपोर्टवर काम करू देतो का. जाहिरातींत या दोन्ही गोष्टींना फारशी जागा मिळत नाही.

आईंचा प्रश्न मला या पत्रातील सर्वांत नेमका प्रश्न वाटला, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. स्की प्रशिक्षक म्हटले की उंच कड्याखालून झोकात वळणे घेत येणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात पहिल्या-दुसऱ्या हंगामातील प्रशिक्षकाचा बहुतेक दिवस पायथ्याच्या नवशिक्यांच्या उतारावर जातो आणि हा उतार इतका सौम्य असतो की, तुमच्यासारख्या दोन अभ्यासक्रम केलेल्या व्यक्तीला त्यावरून घसरण्यासाठी काठ्यांनी रेटा द्यावा लागेल. तेथे भाड्याच्या बुटांत पहिल्यांदाच पाय घातलेली मोठी माणसे असतात, दर पंधरा मिनिटांनी शू लागणारी पाच वर्षांची मुले असतात, आणि आपण नवऱ्याच्या किंवा मित्रांच्या आग्रहाखातर आलो आहोत हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतोच.

या वर्गाचा पहिला तास नीट पाहिला, तर व्यवसायाची कल्पना येते. अनेकांनी जाड मोज्यांच्या दोन जोड्या चढवलेल्या असतात किंवा पँटची कड बुटात कोंबलेली असते. ती नडगीवर रुतते, रक्तपुरवठा अडतो, बोटे गार पडतात आणि दोष मात्र थंडीला दिला जातो. चांगला प्रशिक्षक म्हणून आधी वाकून बूट तपासतो. मग एकाच पायात स्की घालून सपाटीवर सरकायला लावतो, उताराला आडवे उभे राहून एकेक पाऊल वर चढायला शिकवतो आणि पडल्यावर उठायलाही शिकवतो, कारण दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणल्याशिवाय उठू पाहणारा माणूस उभा राहता राहता पुन्हा घसरतो. त्यानंतर स्नोप्लाउ येतो, म्हणजे स्कीची टोके जवळ, टाचा बाहेर आणि आतल्या कडा बर्फाला टेकलेल्या.

खरी अडचण येथे सुरू होते. भीती वाटली की माणूस स्वाभाविकपणे मागे, डोंगराच्या बाजूला झुकतो. त्यामुळे स्कीच्या पुढच्या भागावरचा भार निघून जातो, टोके हलकी होतात आणि स्की वळेनाशा होतात. वळेनाशा झाल्या की वेग वाढतो, आणि वेग वाढला की तो आणखी मागे झुकतो. ‘पुढे झुका’ असे ओरडून यातून सुटका होत नाही, कारण ते ऐकून माणूस कमरेतून वाकतो आणि बूड मागेच राहते. ‘नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली जाणवते का?’ असे विचारले, तर मात्र घोटा वाकतो आणि उरलेले शरीर बऱ्याच अंशी आपोआप जागेवर येते. कोणत्या माणसाला कोणत्या क्षणी कोणते वाक्य सांगावे, हे ओळखणे हाच या व्यवसायाचा गाभा आहे. स्वतः सफाईने उतरता येणे ही त्याची केवळ पूर्वअट आहे. वरील दोन परिच्छेद वाचताना तुम्हाला हुरूप आला असेल, तर पुढचे वाचण्यात अर्थ आहे. कंटाळा आला असेल, तर तुम्ही उत्तम हौशी स्कीपटू व्हा आणि ऐरोलीची नोकरी त्यासाठी पैसे पुरवत राहो.

नवशिक्यांना असे पायरीपायरीने शिकवण्याची पद्धत ऑस्ट्रियाच्या आर्लबर्ग भागात रूढ झाली. हानेस श्नायडर यांनी १९२१ मध्ये सेंट अँटन येथे स्की शाळा काढून विद्यार्थ्यांचे कौशल्यानुसार गट पाडले आणि स्नोप्लाउपासून वरच्या वळणांपर्यंतचा क्रम लावून दिला. आजची प्रमाणपत्रेही त्याच विचाराने रचलेली आहेत : खालच्या पातळीच्या प्रशिक्षकाने खालच्या पायऱ्या शिकवाव्यात आणि वरच्या पातळीच्या प्रशिक्षकाने वरच्या. प्रत्येक देशाची स्वतंत्र संघटना आपल्या परीक्षा घेते आणि त्यांच्यावर ‘आय.एस.आय.ए.’ या स्की प्रशिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एक किमान दर्जा ठरवून दिलेला आहे.

ब्रिटिश संघटनेचे, म्हणजे ‘बासी’चे, उदाहरण घ्या. तिच्या चार पातळ्या आहेत. पहिली पातळी पाच दिवसांची असते, परंतु तिच्या जोडीला स्की शाळेत ३५ तास अनुभवी प्रशिक्षकांबरोबर उभे राहावे लागते, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयीचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. एवढे करून बंदिस्त किंवा कृत्रिम उतारावर शिकवण्याची परवानगी मिळते. डोंगरावरील तयार उतारांवर शिकवायचे असेल तर दुसरी पातळी हवी. ती दहा दिवसांची असून तिच्यासाठी ७० तासांचा अनुभव लागतो. तिसरी पातळी आय.एस.आय.ए.च्या दर्जाची असते. चौथी पातळी अनेकांना काही वर्षे झुलवते. कॅनडाच्या संघटनेची पहिली पातळी याहून सुटसुटीत आहे आणि ऑस्ट्रियात साधारण दहा दिवसांच्या उमेदवारी अभ्यासक्रमानंतर मुलांना व नवशिक्यांना शिकवता येते. मात्र तेथे प्रत्येक प्रांताचा स्की शाळांविषयीचा कायदा वेगळा आहे आणि जर्मन येत नसेल तर बऱ्याच शाळांचे दार अर्धेच उघडते. सर्वांत कडक कारभार फ्रान्सचा आहे. तेथे पूर्ण अधिकाराने शिकवण्यासाठी सर्वोच्च दर्जा लागतो आणि त्यात ‘युरोटेस्ट’ नावाची, वेळ लावून घेतलेली जायंट स्लालोमची (रोवलेल्या खांबांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीची) चाचणी असते, जिच्यात लहानपणापासून शर्यतीत उतरलेल्यांचीही दमछाक होते. तुमच्या स्वप्नातील आल्प्स फ्रान्सच्या बाजूचे असतील, तर निदान सुरुवातीला ते बाजूला ठेवा.

आता जाहिरातीतील दहा-बारा आठवड्यांचा हिशेब मांडू. पहिल्या दोन पातळ्यांचे प्रत्यक्ष अभ्यासक्रमाचे दिवस मोजले तर ते पंधरवड्याच्या आसपास भरतात. उरलेला काळ सरावाचा असतो आणि शुल्काचा मोठा वाटा निवास, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचा पास व आयोजकाचा नफा यांत जातो. तो सराव निरुपयोगी आहे असे नव्हे. परीक्षकाला यंत्राने दाबून सपाट केलेल्या, टणक उतारावर नेमकी, एकसारखी वळणे पाहायची असतात, आणि गुलमर्गची कीर्ती आहे ती भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फाची. त्यामुळे गुलमर्गमध्ये तरबेज झालेल्या माणसालाही परीक्षेपूर्वी काही आठवडे तशा उतारावर घालवावे लागतात. परंतु स्नोप्लाउपासून पक्क्या समांतर वळणांपर्यंतचा प्रवास युरोपीय दराने करण्याची गरज नाही, तो भारतात करता येतो.

तुमच्या पत्रात व्हिसाचा उल्लेख नाही, म्हणून त्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. आल्प्समधील देशांसाठी लागणाऱ्या शेंगेन या सामाईक युरोपीय व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते आणि त्यात अभ्यासक्रम बसवता येतो, परंतु त्या व्हिसावर एक तासही पगारी काम करता येत नाही. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला कामाचा परवाना लागतो, त्यासाठी नोकरी देणाऱ्या शाळेला खटपट करावी लागते, आणि चार महिन्यांच्या हंगामासाठी ती खटपट नवख्या प्रशिक्षकाकरिता शाळा सहसा करत नाही, कारण दाराशी युरोपातील उमेदवारांची रांग असते. वरच्या पातळीचा, दोन-तीन भाषा बोलणारा प्रशिक्षक असेल तर गोष्ट वेगळी. इंग्रजीशिवाय हिंदी, मराठी आणि जमल्यास गुजराती बोलू शकणारी प्रशिक्षक, भारतीय पर्यटक वाढत असलेल्या ठिकाणी उद्या मोलाची ठरू शकेल, मात्र त्या भरवशावर आज कर्ज काढू नये.

तुमच्या वयाला खुला असलेला एक मार्ग दक्षिण गोलार्धात आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून १८ ते ३० या वयोगटातील भारतीयांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा सुरू केला असून त्याच्या वर्षाला १,००० जागा सोडत काढून भरल्या जातात. न्यू साउथ वेल्समधील पेरिशर व थ्रेडबो आणि व्हिक्टोरियातील माउंट बुलर व फॉल्स क्रीक येथील स्कीइंगचा हंगाम जूनपासून सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो आणि त्या काळात नवशिक्यांना शिकवणाऱ्यांची गरज असते. सोडत लागेलच असे नाही. पण वयाची तिशी ओलांडण्यापूर्वी तुमच्या हातात काही प्रयत्न आहेत. आल्प्सचे नाव त्यात नाही, याचे वाईट वाटून घेऊ नका. हंगामभर शिकवल्याचा अनुभव कागदावर आला, तर आल्प्सच्या शाळेला दाखवण्यासारखे काहीतरी हाती राहील.

तेव्हा क्रम असा ठेवावा, असे मी सुचवेन. येत्या हिवाळ्यात नोकरी न सोडता, साठवलेली आणि बिनपगारी रजा जोडून प्रगत अभ्यासक्रम करा. गुलमर्गची केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण व संलग्न क्रीडा संस्था आणि औलीला सात व चौदा दिवसांचे वर्ग चालवणारे गढवाल मंडल विकास निगम ही त्यासाठीची परिचित नावे आहेत. शक्यतो संस्था बदला, म्हणजे दुसऱ्या शिक्षकांची शिकवण्याची पद्धत पाहायला मिळते. अभ्यासक्रम संपल्यावर आठवडाभर तेथेच थांबून नवशिक्यांच्या वर्गात मदतनीस म्हणून उभे राहू देतील का, असे विनयाने विचारा. पैसे मागू नका. तारखा ठरवताना बर्फाचा भरवसा धरू नका. २०२४ च्या जानेवारीत, ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते आणि ज्यांनी परत न मिळणारी तिकिटे काढली होती त्यांना गवत पाहून परतावे लागले. फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा त्या मानाने बरा.

अधल्यामधल्या काळासाठी दुबईचा विचार करा. मुंबईतील मॉलमध्ये कृत्रिम बर्फाची दालने आहेत, परंतु तेथे वळणे घोटण्याजोगा उतार नाही. ‘स्की दुबई’ २००५ पासून सुरू आहे. तेथील सर्वांत लांब उतार सुमारे ४०० मीटरचा आहे आणि मुंबईहून विमानाने तीन तासांत पोहोचता येते. चारशे मीटर म्हणजे मिनिटभराचा खेळ, पण एकच वळण पन्नास वेळा करण्यासाठी तोच उपयोगी पडतो.

शरीराची तयारी घोडबंदर रस्त्यावर राहूनही चांगली होते. स्कीइंगमध्ये मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार पेलतात, आणि चढण्यापेक्षा उतरताना त्यांचा कस लागतो. तुमच्या इमारतीत वीस-बावीस मजले असतील, तर लिफ्टने वर जा आणि जिन्याने, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून, सावकाश उतरा. (रिसॉर्टमध्येही हेच करायचे असते, लिफ्टने वर आणि पायांनी खाली, शेजाऱ्यांना मात्र ते उलटे वाटेल.) रविवारी येऊरची वाट धरलीत तर परतीचा उतार घाईने उरकू नका. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिली खरेदी बुटांची करा. स्की आणि काठ्या भाड्याने चालतात. बूट मात्र दुसऱ्याच्या पायाने सैल केलेला असला, तर पायाने दिलेली सूचना स्कीपर्यंत पोहोचतच नाही. हे बूट पावलाच्या सेंटिमीटरमधील लांबीवरून मोजले जातात. नेहमीच्या चपलेचा क्रमांक सांगून ते मागवू नका.

विम्याची कागदपत्रे वाचल्याशिवाय निघू नका. साध्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ पुष्कळदा वगळलेले असतात आणि हौसेचे स्कीइंग समाविष्ट असले तरी पगारी शिकवणे समाविष्ट असेलच असे नाही. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर प्रशिक्षकाचा हंगाम, आणि त्याबरोबर उत्पन्न, त्याच दिवशी संपते. आईंना सांगताना ही बाब लपवू नका. हंगामी काम, मर्यादित पगार, वर्षातून दोन गोलार्धांत फिरावे लागणे आणि शरीरावर अवलंबून असलेली मिळकत, हे सारे त्यांच्यासमोर ठेवा आणि मग दोन हिवाळ्यांची मुदत मागा. नोकरी शाबूत ठेवून मागितलेल्या मुदतीला नकार देणे कोणत्याही आईला अवघड जाते.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत विज्ञान शाखेत आहे. दोन वर्षांपूर्वी औलीला गेल्यापासून त्याने स्की प्रशिक्षक होण्याचा ध्यास घेतला आहे. यंदाच्या फेब्रुवारीत अभ्यासक्रमाला जाऊ द्या, परीक्षा पुढच्या वर्षी देतो, असे म्हणतो. आम्ही विरोध केला की बोलणे बंद करतो. काय करावे?
— एक पालक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : आपल्या मुलाची अडचण खरी आहे, कारण हिमालयातील बर्फाचा उत्तम काळ आणि बारावीची परीक्षा दोन्ही फेब्रुवारी-मार्चमध्येच येतात. परंतु त्याने काढलेला तोडगा त्याच्याच हिताचा नाही, आणि हे त्याला आपल्या इच्छेच्या आधारे न सांगता त्याच्या ध्येयाच्या आधारे सांगावे. वरच्या उत्तरात ज्या ऑस्ट्रेलियन व्हिसाचा उल्लेख आहे, त्यासाठी बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण लागते. म्हणजे महाविद्यालयाची दोन वर्षे टाळून तो परदेशातील उतारावर लवकर पोहोचणार नाही, उलट त्याचे एक दार बंद होईल.

बारावी झाल्यावर पुढच्याच हिवाळ्यात त्याला चौदा दिवसांच्या अभ्यासक्रमाला अवश्य पाठवा, आणि हे वचन आताच तारखेसह द्या. शाखा निवडताना त्याचे मत विचारात घ्या. शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी, हॉटेल व्यवस्थापन किंवा एखादी परदेशी भाषा यांपैकी काहीही शिकलेला प्रशिक्षक हंगाम संपल्यावर रिकामा बसत नाही. जर्मन किंवा जपानी शिकायला तो आजच सुरुवात करू शकतो आणि त्यासाठी बर्फाची वाट पाहावी लागत नाही.

या क्षेत्रात भारतीय मुलांना काहीच भवितव्य नाही, असा समज असेल तर तोही सोडा. गुलमर्गजवळ वाढलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लालोम आणि जायंट स्लालोम या दोन्ही प्रकारांत उतरला. त्या स्पर्धेतील तो एकमेव भारतीय खेळाडू होता. मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले. ही दोघे बर्फाच्या अंगणात वाढली, हे मात्र मुलाने लक्षात घ्यावे. नेरुळच्या मुलाला सतराव्या वर्षी सुरुवात करून शर्यतीत त्यांच्या जवळ जाणे कठीण आहे. शिकवण्यात तसे नाही. उशिरा शिकलेल्याला काय कळत नाही, हे ताजे आठवते, आणि नवशिक्यांसमोर त्याचा फायदाच होतो.

अबोल्याविषयी मी काय सांगणार? वचन तारखेसह मिळाले की तो बहुधा संपेल.

प्रश्न : माझे वय एकेचाळीस. खारघरमध्ये बारा वर्षे मुलांना इनलाइन स्केटिंग शिकवतो. गेल्या वर्षी मनालीजवळच्या सोलंगला स्कीइंग केले आणि ते पटकन जमले. माझे वय या व्यवसायासाठी उलटून गेले का? स्केटिंगचा अनुभव कामी येईल का?
— एक क्रीडा प्रशिक्षक, खारघर

उत्तर : वय उलटलेले नाही. प्रमाणपत्राच्या परीक्षांना वरची वयोमर्यादा सहसा नसते, ती तरुणांसाठीच्या व्हिसांना असते, त्यामुळे परदेशातील हंगामी नोकरीचा सोपा रस्ता आपल्याला बंद आहे. भारतात तसे नाही.

स्केटिंगचा अनुभव दोन प्रकारे उपयोगी पडेल. वळताना बाहेरच्या पायावर भार द्यायचा, नजर पायांवर न ठेवता पुढे ठेवायची आणि कडेवर विश्वास ठेवायचा, हे आपल्या शरीराला ठाऊक आहे. सोलंगला लवकर जमले ते त्यामुळेच. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे पडण्याची भीती असलेल्या मुलाला उभे कसे करायचे, हे आपण बारा वर्षे करत आला आहात, आणि पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे हाच या व्यवसायाचा गाभा आहे. फरक थांबण्यात आहे. स्केटिंगमध्ये एक पाय मागे आडवा ओढून वेग मोडता येतो. स्कीवर मात्र दोन्ही पायांनी दिशा बदलत, उताराला आडवे होत वेग आटोक्यात ठेवावा लागतो. वेगाची सवय असलेले स्केटर येथे अतिआत्मविश्वासाने स्नोप्लाउला फाटा देतात आणि मग विद्यार्थ्यांना तो सावकाश, स्वच्छ करून दाखवता येत नाही. परीक्षक नेमके तेच मागतात. म्हणून पुढच्या वेळी जाल तेव्हा निम्मा वेळ अगदी संथ स्नोप्लाउला द्या, कितीही कंटाळवाणे वाटले तरी.

माझ्या मते आपल्यासाठी उत्तम योजना म्हणजे आपल्याच विद्यार्थ्यांचा गट हिवाळ्यात मनाली किंवा औलीला नेणे. तेथील अधिकृत प्रशिक्षक शिकवतील आणि आपण सहायक म्हणून राहाल. मुले आपले ऐकतात, पालकांचा आपल्यावर विश्वास आहे, आणि आपले प्रशिक्षण त्याच खर्चात पुढे सरकते. प्रथमोपचाराचा वर्ग मात्र जाण्याआधी पूर्ण करा. आणि स्कीचा बूट ज्यात अडकतो त्या बाइंडिंगची माहिती करून घ्या. पडल्यावर ते योग्य क्षणी सुटले नाही तर गुडघा पिळवटतो, आणि ते किती ताकदीला सुटावे हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी व स्कीपटूची पातळी यांवरून ठरते. भाड्याच्या दुकानात मोठ्या माणसासाठी लावलेली जोडी तशीच मुलाच्या पायात अडकवली जात असेल, तर ‘चालून जाईल’ म्हणून गप्प बसू नका. मुलांचे वजन घरीच करून कागदावर लिहून नेलेले बरे.

प्रश्न : आम्हा पती-पत्नीला प्रशिक्षक वगैरे व्हायचे नाही. जानेवारीत गुलमर्गला जात आहोत आणि चार दिवस स्कीइंग शिकण्याचा विचार आहे. चांगला प्रशिक्षक कसा ओळखावा? आमचे वय पन्नाशीच्या जवळ आहे.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : गाडीतून उतरताच स्लेज ओढणारे, बूट भाड्याने देणारे आणि शिकवणारे असे सगळे एकदम गोळा होतात, आणि तिन्ही कामे एकच माणूस करू पाहतो. त्या गर्दीत सौदा करू नका. पर्यटन खात्याची नोंदणी आहे का, हे शांतपणे विचारा आणि एका प्रशिक्षकामागे तुम्ही दोघेच असाल, असे आधी ठरवून घ्या.

ओळखण्याची खूण पहिल्या अर्ध्या तासातच मिळते. जो आधी बूट तपासतो, सपाटीवर चालवतो आणि पडून उठायला शिकवतो, तो ठेवावा. जो पहिल्याच तासाला गंडोल्याने, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या डब्यांतून, वर नेण्याची भाषा करतो, त्याला नम्रपणे नकार द्या. गंडोल्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर जातो. वरचा उतार दाबलेला नसतो, तेथे हिमस्खलनाचा धोका असतो आणि अनुभवी स्कीपटूही तेथे बर्फाखाली गाडलेल्याला शोधून काढण्यासाठी शोधयंत्र, फावडे व लांब सळई घेऊन, जाणकारांबरोबरच जातात. दृश्य पाहायला वर जा, उतरा मात्र गंडोल्यानेच.

काठीच्या पट्ट्यात अंगठा अडकवून पडले की त्याच्या सांध्याला इजा होते, तेव्हा पट्टा कसा धरायचा ते विचारून घ्या. उतारावर खालच्या माणसाचा हक्क आधी असतो. वरून येणाऱ्याने त्याला चुकवायचे असते आणि थांबायचे झाल्यास मध्ये न थांबता कडेला थांबायचे असते. चारपैकी पहिल्या दिवशी अंग दुखेल आणि दुसऱ्या दिवशी त्याहून अधिक दुखेल. तिसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी घेऊन दुपारी एकच तास शिका. पन्नाशीच्या गुडघ्यांना चार पूर्ण दिवसांपेक्षा हे मानवते, आणि चौथ्या दिवशी वळणे बहुधा जमू लागतात.